तळ तेवढा बाकी

१२ एप्रिल, शुक्रवार

रोजनिशी आजपासून पुन्हा सुरू. मागची वही बायकोनं, योगितानं, चूल पेटवायला घेतली, त्यात माझा दोष नाही.

संकल्प. एक, रोज लिहायचं. दोन, रागवायचं नाही. तीन, घराचं छप्पर ३० एप्रिलच्या आत पुरं करायचं.

तिसऱ्याला सुरुवात झालीसुद्धा. जुनी कौलं काल उतरवली. नवे पत्रे, बावीस, पांढरेशुभ्र, अंगणात भिंतीला टेकून उभे आहेत. तूर्त घरावर ताडपत्री. योगिता म्हणाली, पत्रे चढवणारी माणसं आधी बघायची आणि मग कौलं उतरवायची. तिला प्लॅनिंगमधलं कळत नाही. जुनं हटल्याशिवाय नवं येत नाही.

१४ एप्रिल, रविवार

सासरी मोखाड्याला बारशाचं जेवण. मेहुणा दिपेश नाशिकहून नवी घेतलेली जुनी गाडी घेऊन आला होता. सगळ्यांसमोर स्वतःच सांगत बसला, की वरून चकाचक होती, घेतल्यावर महिन्यानं तळ गंजलेला निघाला. चूक कबूल करण्याची ही कसली हौस.

मी म्हटलं, मी असतो तर लोहचुंबकानं पाच मिनिटांत पकडलं असतं.

पंगत गप्प झाली. प्रभाव पडला. दिपेश म्हणाला, ‘‘मंग दाजी, पुढची गाडी तुमीच बघा.’’ मी म्हटलं, बघतोच.

हे फुशारकीनं म्हटलेलं नाही. खोडाळ्याच्या शाळेत एकोणीस वर्षं मी प्रयोगशाळा परिचर आहे. दरवर्षी तीन परीक्षानळ्यांत तीन खिळे ठेवतो. एकीत पाणी, एकीत उकळलेलं पाणी आणि वर तेल, एकीत कोरडी हवा. विज्ञानाचे सर येतात, जातात. खिळे मीच ठेवतो. गंज म्हणजे काय हे या तालुक्यात माझ्याइतकं कुणाला माहीत असेल असं वाटत नाही.

१८ एप्रिल, गुरुवार

शाळेच्या कामानं जव्हारला. तिथं चहावाल्याकडे कळलं, की गावाबाहेरच्या बंद पडलेल्या रिसॉर्टच्या शेडमध्ये एक स्पोर्ट्स कार पडून आहे. नाशिकच्या शेठची. रिसॉर्ट विकलं गेलं, आता शेड मोकळी करायची आहे.

एसटीला दीड तास होता म्हणून सहज बघून आलो.

लाल. बुटकी. दोन दारांची. ताडपत्री बाजूला केली आणि भोवती दोन फेऱ्या मारल्या. सहा वर्षं कुणी हात लावला नाही. म्हणजे वापर कमी. म्हणजे नवीच.

राखणदार बाबल्या नावाचा आहे. बोहाड्यात देवा-राक्षसांची जी सोंगं नाचतात, त्यांचे मुखवटे तोच करतो. कागदाचा लगदा, चिंचोक्याची खळ, वर रंग. त्याचे हात कोपरापर्यंत कायम त्यातच. मला म्हणाला, ‘‘सर, हिच्यात काय नाय रायलं. नका बघू.’’

विकायची असली की माणसं असंच बोलतात. उत्सुकता वाढवायची जुनी पद्धत. मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

२१ एप्रिल, रविवार

टाकीच्या उंचवट्यावर जाऊन व्हिडिओ पाहिला. तिथंच रेंज येते. जुनी स्पोर्ट्स कार घेण्यापूर्वी गंज कसा तपासावा. सात कलमं आहेत. दारं, चाकांवरच्या कमानी, डिकी, बॉनेट, टप, दाराखालची पट्टी, आणि तळ.

सातव्या कलमाला रेंज गेली. माणूस गाडीखाली आडवा होताना दिसला आणि तसाच थांबला. पाऊण तास उभा होतो. सहा कलमं पुरेशी पाठ झाली आहेत.

शाळेतलं नालाच्या आकाराचं मोठं लोहचुंबक घरी आणलं. रजिस्टरमध्ये नोंद केली नाही, कारण रजिस्टर माझ्याच ताब्यात असतं.

योगितानं विचारलं, पत्रे चढवायला माणसं सांगितली का. म्हटलं, मे लागल्यावर सगळे मोकळे होतात.

२८ एप्रिल, रविवार

तपासणी, पहिला दिवस. जव्हार, सकाळी ११.

कलम एक, दारं. डावं दार उघडतच नाही. हे चांगलं लक्षण आहे. फिटिंग इतकं घट्ट आजकाल मिळत नाही. स्पोर्ट्स कारला ड्रायव्हरचं दार महत्त्वाचं, आणि ते उघडतं. लोहचुंबक लावलं. वरच्या बाजूला खटकन चिकटलं. खालच्या बाजूला चिकटेना, घसरून पडलं. तीनदा पडलं.

यावर मी पूर्ण पाच मिनिटं शास्त्रीय विचार केला. लोहचुंबक लोखंडाला चिकटतं. इथं चिकटत नाही, म्हणजे इथं लोखंड नाही. जे लोखंडच नाही त्याला गंज कसा लागेल?

गंज, शून्य.

बाबल्या मागं उभा होता. म्हणाला, ‘‘तठं कागूद हाय, सर. मुखवट्याचा लगदा. भोक पडलेलं, त्यात उंदरा जात होत्या, म्हून मी बुजवला न वर लाल रंग दिला.’’

बिचारा शिकलेला नाही. कार्बन फायबर त्याला कागद वाटतो. मोठ्या गाड्यांत वजन कमी करायला हेच वापरतात. मी त्याला समजावून सांगितलं. तो ऐकत होता, पण समजलं असावं असं वाटलं नाही.

५ मे, रविवार

तपासणी, दुसरा दिवस. कमानी, चारपैकी तीन कार्बन फायबर. डिकी, निम्मी कार्बन फायबर. बॉनेट आणि टप, दोन्हीला चुंबक असं चिकटलं की ओढून काढावं लागलं. म्हणजे जिथं ताकद हवी तिथं शुद्ध पोलाद, जिथं वेग हवा तिथं हलकं साहित्य. कोणत्या इंजिनिअरनं ही गाडी केली कोण जाणे, त्याचे पाय धरावेत.

दाराखालची पट्टी बोटानं दाबली तर बोट आत गेलं. लवचीक आहे. बाबल्या म्हणाला, ‘‘तठं वल हाय आजून, परवाच भरलाय.’’ हा माणूस सारखा मधे बोलतो.

तळ राहिला. गाडी बुटकी आहे, खाली बघायचं तर मातीत आडवं व्हावं लागतं. आज पांढरा शर्ट होता. तळ उद्या.

६ मे, सोमवार

एसटी चुकली. तळ राहिला.

दुपारी वारा सुटला होता. ताडपत्रीचा एक दोर तुटला आणि कोपरा फडफडायला लागला. योगिता खाटेवर चढून तो कोपरा धरून उभी होती. मी टाकीवरून आलो तेव्हाही तशीच उभी होती. दोन तास तरी झाले असतील. हाताला वळ पडले होते. फक्त म्हणाली, ‘‘मिरगाच्या आत छप्पर पाहिजे. बाकी काय नको.’’

मला वाईट वाटलं. मनापासून वाटलं. दोर मी स्वतः बांधला. मग जेवण होईपर्यंत गाडीचे फोटो बघितले, जरा बरं वाटलं.

१० मे, शुक्रवार, अक्षय तृतीया

मुहूर्त साधला. सौदा झाला.

तपशील लिहून ठेवतो, म्हणजे पुढं कुणी काही म्हणायला नको. बाबल्या म्हणाला, गाडी तशीच न्या, शेठला शेड मोकळी झाली म्हणजे झालं. मला काय द्यायचंच असंल तर तुमची उतरवलेली जुनी कौलं द्या, मुखवट्याच्या खोलीवर टाकीन, उन्हात देवांचे रंग उडतात.

मी अंगणातल्या त्या शेवाळलेल्या कौलांचा विचार केला आणि मग समोरच्या त्या लाल बॉनेटचा. स्पोर्ट्स कारच्या बदल्यात जुनी कौलं! उद्या दिपेशनं विचारलं तर काय सांगायचं? मी म्हटलं, कौलं नाही, नवे कोरे बावीस पत्रे देतो.

बाबल्यानं हातातला लगदा खाली ठेवला. भारावला असावा. मग म्हणाला, ‘‘वयनींना इचारलंय?’’ म्हटलं, घरातले निर्णय मी घेतो.

योजना अशी. एक मोसम गाडी सूर्यमाळला थंड हवेसाठी येणाऱ्या लोकांसमोर फिरवायची. मग मुंबईचाच कुणीतरी हौशी माणूस मागं लागून घेऊन जाईल. एका गाडीत दोन घरांची छपरं होतील. हे योगिताला सांगितलं. ती काही बोलली नाही. ही संमती.

१२ मे, रविवार

पत्रे ट्रॅक्टरनं गेले. अंगण मोकळं मोकळं दिसतं. भिंतीवर ते टेकले होते तिथली जागा जरा स्वच्छ आहे, बाकी भिंत मळकी. योगिता झाडू मारताना तेवढी जागा वगळून मारते. कारण समजलं नाही.

दिपेशला फोन करून सांगितलं, की गाडी घेतली, गंज शून्य. तो म्हणाला, तळ बघितला ना, दाजी? म्हटलं, मला शिकवतोस?

आता तळ तपासून काही उपयोग नाही, सौदा झालेला आहे. तरीपण तत्त्व म्हणून तपासणार. या आठवड्यात.

१७ मे, शुक्रवार

या आठवड्यात जमलं नाही. ऊन फार होतं.

मुख्याध्यापक भेटले. म्हणाले, गाडी घेतली म्हणे. खोडाळ्यात गोष्ट लपत नाही. बाजारात दोघा-तिघांनी विचारलं, कधी आणताय. मी पुढचा शनिवार सांगितला. शब्द गेला. आता मागं फिरता येत नाही, फिरायचं कारणही नाही. मात्र रात्री झोप नीट लागली नाही. ताडपत्रीखाली उकडतं, त्यामुळं असेल.

२२ मे, बुधवार

योगिता एकटीच जव्हारला बाजाराला गेली. पहिल्या एसटीनं गेली, दुपारी आली. पिशवी रिकामी. इतकं भाडं घालून काही न घेता परत आली. तिला खरेदीतलं कळत नाही. वर चेहरा एकदम मोकळा. विचारलं तर म्हणाली, ‘‘बघायचं ते बघून आले.’’

२५ मे, शनिवार, संध्याकाळ

गाडी आली.

इंजिनाकडे नंतर बघायचं ठरलं आहे, म्हणून ट्रॅक्टरला दोर बांधून आणली. मी स्टिअरिंगवर. निघण्यापूर्वी बाबल्यानं ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला लगदा भरला, कारण रस्त्यात तिथून तुकडे पडू लागले असते. (फायबरची डागडुजी. तो त्याला लगदा म्हणतो, मी वाद घातला नाही.) मग तीनदा बजावलं, ‘‘सर, हा दार आता तीन दिस लावू नका. उन्हात उगडाच ठेवा. खळ वाळली का दगड होतो.’’ दार दोरानं उघडं बांधून ठेवलं. जव्हार ते खोडाळा एक हात दाराबाहेर, एक स्टिअरिंगवर. वारा चांगला लागतो. उघड्या गाड्या लोक का घेतात ते कळलं.

मोखाड्याच्या अलीकडे चढावर ट्रॅक्टर थांबला, तेव्हा पाड्यावरची माणसं गोळा झाली. पोशी नावाची एक म्हातारी पुढं आली. बाबल्याच्या हातचा तो लाल रंग, समोरचे दोन मोठे दिवे, खालची जाळी, हे सगळं तिनं निरखून पाहिलं. ट्रॅक्टरवर बसून सोबत आलेल्या बाबल्याला तिनं ओळखलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, ‘‘बोहाडा त उरकला ना रं? हा कनचा सोंग?’’

बाबल्या म्हणाला, सोंग नाय, गाडी हाय. म्हातारीला पटलं नाही. तिनं घरातून कुंकू आणून बॉनेटला लावलं आणि वाकून नमस्कार केला. मागून पाच-सहा जणांनी केला. मी आत बसलो होतो, त्यामुळं मलाही झाला. उतरून सांगावं असं वाटलं, पण पुढं ट्रॅक्टर, मागं माणसं, शिवाय नमस्कार चालू असताना उतरणं बरं दिसत नाही. मान हलवून आशीर्वाद दिला.

घरी येईपर्यंत चारही टायर फाटून चिंध्या झाले. गाडी आंब्याखाली चार जांभ्या दगडांवर चढवली. अशानं उंच दिसते, रस्त्यावरूनही दिसते. दार उघडं, दोर फांदीला बांधलेला.

उद्या सकाळी दिपेश बघायला येतो आहे. तळ त्याच्या आधी उरकून टाकीन. पहाटे पाचला उठणे.

२६ मे, रविवार, सकाळी ९.४०

उठायला आठ वाजले.

दिपेश नऊला आला. गाडीभोवती फिरला. त्याच्या चेहऱ्यावर भाव असे होते की कौतुक आवरतो आहे. मी म्हटलं, स्पोर्ट्स कारची ओळख दाराच्या आवाजावरून होते. हलक्या गाडीचं दार खणखणतं, भारी गाडीचं धप्प वाजतं. ऐक. दोर सोडला, आत बसलो आणि दार ओढलं.

धप्प वाजलं. आवाज अगदी तसाच आला.

१०.१५

दार उघडत नाही.

बाबल्यानं सांगितलं होतं ते आठवलं. घाबरण्यासारखं नाही. आतला खटका ओढला, तो हातात आला. दिपेशनं बाहेरून मूठ ओढली, ती त्याच्या हातात गेली. तो ती मूठ बराच वेळ बघत उभा राहिला. डावं दार मुळातच फिटिंगला घट्ट. काच चार बोटं खाली आहे, तिथंच अडकलेली. हवा येते. सावली आहे. रोजनिशी आणि पेन खिशात होतं. चुंबक सीटवर आहे. परिस्थिती नियंत्रणात.

१०.५०

दिपेशनं दगड उचलला. म्हणाला, दाजी, तोंड तिकडं करा, काच फोडतो. मी ओरडलो. काच ओरिजिनल आहे. अशी काच पुन्हा मिळायची नाही. दगड खाली ठेवायला लावला.

योगिता घरातून आली. फटीतून आत बघितलं. विचारलं, ‘‘फोडू काच?’’ म्हटलं, नाही. पुन्हा विचारलं, फोडू? म्हटलं, काच हा या गाडीचा प्राण आहे. तिसऱ्यांदा विचारलं. मी नाही म्हटलं.

‘‘बसा मंग,’’ म्हणाली आणि पदर खोचून गेली.

११.३०

ट्रॅक्टरचा आवाज. बाबल्या आला. लगदा ओला करून सोडवायला आला असेल असं वाटलं.

ट्रॉलीत पत्रे आहेत. बावीस. माझेच. एकालाही भोक पाडलेलं नाही, दोरसुद्धा मी बांधून दिलेलाच. सोबत सूर्यमाळकडची तीन माणसं, शिड्या, हातोडे. बाबल्या फटीपाशी येऊन म्हणाला, ‘‘सर, बुधवारी वयनी आलेल्या. मी पत्रे तशेच ठेवलेले. मना ठाव होतं लागतील. तुमची कौलं नेतो, तेवढीच मी मागलेली.’’

सौदा एकतर्फी मोडता येत नाही हे मी त्याला सांगणार होतो, पण तो गेला होता.

११.४५

एक गोष्ट ऐकू आली. फटीतून ऐकू येतं हे त्यांच्या लक्षात नाही. बाबल्या विचारत होता, की सरांना आधी काढू का, पाण्याचं फडकं लावलं तर तासाभरात लगदा सुटंल.

योगिता म्हणाली, ‘‘राहू दे. आधी छप्पर. ते बाहेर आले की छप्पर राहून जाईल.’’

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. दिपेश नुसता ‘बरं ताई’ म्हणाला.

दुपारी १.१०

पत्र्यांचं काम इथूनच सुपरव्हाइज करतो आहे. जागा चांगली आहे, सगळं छप्पर समोर दिसतं. दोनदा सूचना दिल्या, की खालच्या पत्र्यावर वरचा पत्रा वीतभर तरी चढला पाहिजे. हातोड्याच्या आवाजात गेल्या असाव्यात. त्यांनी वीतभरच चढवला आहे, ते आधीपासूनच.

जेवण फटीतून आलं. नागलीची भाकरी घडी करून, आत भाजी. पाणी बाटलीतून. योगितानं दिलं. मी म्हटलं, बघ, घरमालकाची नजर कामावर असली की काम कसं होतं. तिनं रिकामी बाटली परत मागितली. बाटलीची गरज मलाही होती, पण तो विषय इथं लिहिण्यासारखा नाही.

३.००

सोळा पत्रे झाले.

योगिता शिडीवर आहे. हुक, रबराची चकती, नट, त्याच क्रमानं एकेक वर देते. हाताखाली कुणीतरी हवं म्हणून नव्हे, तिला ते येतं. हे ती कधी शिकली? मी विचार केला तर आठवलं, कौलंसुद्धा दरवर्षी तीच चाळायची. मी शाळेत खिळे ठेवत असायचो.

गाडीत फार गरम होतंय. दार ढकललं, पुन्हा ढकललं. हाका मारल्या असत्या तर कुणी आलं असतं. काच फोडा म्हटलं असतं तर दिपेशनं एका दगडात फोडली असती. पण मग त्यानं फोडली असं झालं असतं. मला वाटतं, मी या गाडीत आज नाही बसलो. १४ एप्रिलच्या पंगतीत बसलो तेव्हाच बसलो.

४.३०

बावीस झाले. हातोडे थांबले. योगिता छपराखाली उभी राहून वर बघते आहे. नुसती उभी आहे. खूप दिवसांनी तिला हातात काही न धरता उभी असलेली बघितलं.

माणसं हातपाय धुऊन आत जेवायला गेली. आता गंमत अशी, की मला सगळे विसरले आहेत. रागवायचं नाही, संकल्प दोन.

४.४५

करायला काही नाही. चुंबक मांडीवर आहे. सहा कलमं झाली आहेत, एक बाकी आहे. तळ बाहेरून बघायचा तर आडवं व्हावं लागतं. आतून बघायला आडवं व्हायचं कारण नाही, हे दीड महिन्यात माझ्या लक्षात आलं नाही.

पायाखालचं मळकं कापड ओढलं. खाली पिंगट पापुद्रे. परीक्षानळीत पाण्यातल्या खिळ्यावर बसतात तसेच, फक्त इथं बोटाएवढ्या थरानं. चुंबक ठेवलं. चिकटलं नाही. इथं बाबल्याचा लगदा नव्हता. इथं काहीच नव्हतं.

मी पाय जरा पुढं सरकवून दाबून बघितला.

४.५०

दोन्ही पाय जमिनीवर आहेत. गाडी कमरेभोवती आहे. सोंग नाचवणारा जसा आपल्या सांगाड्यात उभा राहतो, तसा मी या गाडीत उभा आहे. पोशी म्हातारी काही अगदीच चुकीचं बोलली नव्हती.

भोक मोठं होत चाललं आहे, हातानं मोडता येतं. दगडांवर ठेवल्यामुळं खाली जागाही आहे. लिहिणं थांबवतो.

संध्याकाळी ७.००

सव्वापाचला गाडीखालून बाहेर आलो. पांढरा शर्ट विटकरी झाला. घराच्या दाराशी गेलो तर सगळे अजून पंगतीत होते. माझं ताट वाढून झाकून ठेवलेलं होतं, योगिताच्या शेजारी. विसरले नव्हते.

बसलो. बराच वेळ वर बघत जेवलो. मग म्हटलं, तळ तपासला.

दिपेश म्हणाला, ‘‘पाच मिनिटांत, दाजी?’’

म्हटलं, पाच मिनिटंच लागली. त्याआधी दीड महिना.

तेव्हा योगिता हसली. आधी ती, मग बाकीचे. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते बरं गेलं.

२७ मे, सोमवार

छप्पर पुरं झालं. संकल्प तीन पूर्ण. माझ्याकडून नव्हे.

बाबल्या सकाळी कौलं भरून घेऊन गेला. जाताना गाडीखाली डोकावला. म्हणाला, एक दिवस द्या सर, तळ मी लगद्यानं भरून देतो, वर रंग मारतो, कुणाला समजायचं नाय. मी म्हटलं, नको.

घरावरची ताडपत्री काढली होती ती योगितानं माझ्या हातात दिली आणि मानेनं आंब्याकडे दाखवलं. मी ती गाडीवर टाकली. चार कोपऱ्यांना दगड ठेवले. चुंबक शाळेत परत नेऊन ठेवलं आणि रजिस्टरमध्ये नोंद केली, नेल्याची आणि आणल्याची, दोन्ही.

कलम सात, तळ. तपासला. गंज आहे.